तिसरा ठोका

वारा पहाटेपासूनच पडला होता. समुद्र परातीत पाणी ओतून ठेवावं तसा गप्प पसरलेला, आणि पलीकडच्या मोठ्या बेटावरच्या डोंगराचा धूर ना डावीकडे ना उजवीकडे, सरळ वर चाललेला. असा दिवस उजाडला की धक्क्यावरची माणसं खुशीत असतात. पाणी तळापर्यंत आरपार दिसतं, बोटीवरच्या पाहुण्यांना उलट्या होत नाहीत, संध्याकाळी डेक घासत बसावं लागत नाही. कासवबाई मात्र उंबऱ्यात उभी राहून त्या धुराकडे बघत राहिली. शांत पाण्यात आवाज लांबवर जातो. आज सबब सांगायला जागा नव्हती. आवाज असेल तर ऐकू येईल, आणि आला नाही तर तो नाहीच.

शेडचं शटर तिने गुडघ्याएवढंच उचललं आणि खालून वाकून आत शिरली. पूर्ण वर केलं की ते करकरतं, शेजारचा जाळी विणणारा म्हातारा उठतो, आणि एकदा उठला की बोलत सुटतो. आत रबराचा आणि ओल्या दोरांचा वास कोंडलेला होता. भिंतीवर खिळ्यांना मास्क टांगलेले. डोळ्यांची जागा आहे, नाकाची आहे, चेहरा तेवढा नाही. नव्या माणसाला त्या शेडमध्ये एकटं उभं राहवत नसे. कासवबाईला त्यांची सवय होती. ती एकेक मास्क काढायची, काचेला आतून लहान बाळांचा शांपू थेंबभर चोळायची, पाण्यातून हिसळून टोपलीत ठेवायची. म्हणजे पाण्यात काच धुरकटत नाही. सगळ्यात शेवटच्या खिळ्यावरचा काळा मास्क टोपलीत जात नसे. तोही ती रोज तसाच चोळून, हिसळून, पुन्हा त्याच खिळ्याला अडकवायची. तो तिच्या नवऱ्याचा होता.

ड्रमवर ठेवलेला फोन वाजला. तिने कोपराने दाबला.

"आई, ऐकतेस का? नुसता पाण्याचा आवाज येतोय."

"ऐकतेय. हात ओले आहेत, बोल."

"तुझे हात कोरडे कधी असतात? बरं ऐक, खोलीला रंग देऊन झाला. तुझा पलंग खिडकीपाशी लावलाय."

"खिडकीतून काय दिसतं?"

"समोरची इमारत दिसते. काय दिसणार?"

"बरं."

"बरं काय बरं! आई, आज संध्याकाळी मला काय ते सांग. यायचं तर कायमची ये. चार दिवसांची पाहुणी म्हणून नको. आणि यायचं नसेल तर तसं सांग, मी सासूबाईंना बोलावते. त्या येतील हौसेनं, पण बाळाला उठता-बसता गुंडाळून ठेवतील. बाळाला आणि मलाही."

कासवबाईला हसू आलं. पोरगी नाकावर राग ठेवून बोलायची, अगदी बापासारखी. समुद्रापासून लांब, शहरात तिचं सासर. पहिलं बाळंतपण तोंडावर आलेलं.

"आई, तिकडं तुझं काय एवढं अडकलंय गं?"

"संध्याकाळी सांगते," कासवबाई म्हणाली आणि कोपरानेच फोन बंद केला.

काय अडकलंय ते तिने कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगितलं असतं तर माणसांनी तिला पाण्यात उतरू दिलं नसतं.

धक्क्यावर दीर बोटीत डिझेल ओतत होता. त्याला सगळे भोंगा म्हणायचे. एक तर बोटीचा भोंगा तोच वाजवायचा, आणि दुसरं म्हणजे त्याचा स्वतःचा आवाज. तो कानात बोलला तरी पलीकडच्या बोटीतला माणूस "काय?" म्हणून विचारायचा.

"वहिनी, आज पाणी बघितलंस का? काच आहे काच!"

"बघितलं. आणि हळू बोला, कासवं उठतील."

"तुझी कासवं बहिरी आहेत. माझं इतकी वर्षं ऐकून घेतायत, एकानंही उलट उत्तर दिलेलं नाही."

तिला कासवबाई म्हणायचे ते कासवं दाखवते म्हणून. शिवाय जमिनीवर ती चालायची तशीच, गुडघे धरून, थांबत थांबत. शिडीची शेवटची पायरी सोडली की मात्र ही तीच बाई का, असा प्रश्न पडावा अशी सळकन निघायची.

पाहुणे आले. दोन कॉलेजच्या मैत्रिणी, एक नवरा-बायको त्यांच्या पोरांसकट, आणि एक वयस्कर जोडपं. त्यातल्या काकांची मिशी अशी भरघोस की मागून बघितलं तरी दोन्ही टोकं दिसावीत. कासवबाईने व्हॅसलिनची डबी पुढे केली.

"काका, हे मिशीला लावा. केसांतून मास्कमध्ये पाणी शिरतं."

"मिशीला? बाई, या मिशीला मी कधी तेलसुद्धा लावलं नाही. ही नुसत्या रुबाबावर उभी आहे."

"लावा हो," काकू म्हणाल्या. "नाहीतर काढून तरी टाका. लग्न झाल्यापासून सांगतेय."

"काका," सुकाणूपाशी उभा राहून भोंगा ओरडला, "समुद्र मिशी बघून बाजूला होत नाही!"

काकांनी डबी काकूंच्या हातात दिली आणि काकूंनी ती पर्समध्ये टाकली. बोट निघाली.

बाहेर पडताच डॉल्फिनांची एक टोळी बोटीच्या नाकाशी खेळायला आली. पोरं किंचाळली, काकांनी फोन उलटा धरून स्वतःच्याच नाकाचा व्हिडिओ काढला. पुढे धाकट्या बेटाचा कडा लागला. काळ्याशार खडकावर कुरव पक्ष्यांच्या पांढऱ्या रांगा, आणि खाली पाण्याच्या काठाशी लाल खेकडे, कुणी निखारे सांडून ठेवावेत तसे. एका ठिकाणी पाण्यातून बारीक बुडबुडे वर येत होते आणि गंधकाचा वास सुटला होता. कासवबाई सगळं सांगत होती. हे दगड पाण्यावर तरंगतात, आत सगळी भोकं असतात. हा डोंगर बाहेरून थंड दिसतो, पण खाली अजून कढत आहे. तोंड सवयीने चाललं होतं. लक्ष पुढे होतं. कडा संपला की बोट बेटाच्या पाठीमागे वळायची, आणि तिथे ते कोंड होतं.

कधीकाळी डोंगरातून वितळलेला दगड ओघळत समुद्रात उतरला आणि अर्धगोल करून थिजला. तेच हे कोंड. तिन्ही बाजूंनी काळी भिंत, मध्ये हिरवं पाणी, आणि एका अंगाला पाण्यातून वर आलेला सुळका. सुळक्याच्या मागे कासवं झोपायला येतात. त्याच्याही मागे, भिंतीच्या पायथ्याशी, पाण्याखाली एक बोगदा आहे. आत तो कुठवर जातो ते कुणी बघितलेलं नाही. तिचा नवरा नांगर सोडवायला म्हणून उतरला तो तिथेच. नांगर सुटून आला. तो आला नाही. पाणबुडे आले, दोर लावून बोगद्यात थोडं आत गेले, परत आले आणि मान हलवून बसले. त्याच्या पायातला पोहायचा एक रबरी पंख तेवढा पाण्यावर आला होता.

तो असताना बोटीवर एक पद्धत होती. कासवबाई पाहुण्यांना घेऊन पाण्यात असली की तो शिडीच्या पाण्यात बुडालेल्या पायरीवर पान्याने दोन ठोके द्यायचा. ठक, ठक. म्हणजे कुठं आहेस? तोंड पाण्यात असलेल्या माणसाला हाक ऐकू जात नाही, पण लोखंडाचा ठोका जातो. मग ती हात पाण्याबाहेर काढायची. हात दिसला की जरा थांबून तो तिसरा ठोका द्यायचा. दिसलीस. एवढं झालं की दोघंही आपापल्या कामाला लागायचे. घरातही ते तसंच चालायचं. ती मोरीत असली तर तो भिंतीवर दोन बुक्क्या मारायचा, ती बादली वाजवायची, मग तो एक. पोरगी वैतागायची, "तुम्हाला तोंडं नाहीत का?"

तो गेल्यावर भोंग्याने पद्धत बदलली. लोकांना बोलवायचं तर तो भोंगा वाजवायचा. पान्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि पाण्यातही तो पुन्हा उतरला नाही. आधी याच कोंडात भावाबरोबर शंख काढायला बुड्या मारणारा माणूस, पण आता बोटीच्या काठावरून पाय सोडून बसायलाही तयार नसायचा.

आणि तरीही कोंडात ठोका ऐकू यायचा.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा कासवबाई सुळक्याच्या मागे होती. ठक, ठक. तिचा हात आपोआप वर गेला. मग जरा थांबून, ठक. पाण्यात आवाजाला दिशा नसते. तो सगळीकडून एकदम येतो, आपल्याच डोक्याच्या आतून आल्यासारखा. ती तशीच बोगद्याकडे वळली. पण पाहुणे बरोबर होते, त्यांना घेऊन परत यायलाच हवं होतं. बोटीवर चढून तिने दिराकडे बघितलं, तर तो चहाची किटली उघडत होता. विचारावं असं तोंडावर आलं होतं. पण तो "नाही" म्हणाला असता तरी पंचाईत, आणि "हो" म्हणाला असता तर मग तिच्यापाशी उरलं काय असतं? तिने कप पुढे केला.

त्या दिवसानंतर ती त्या कोंडासाठीच बोटीवर राहिली. गुडघे गेले, कानात दुखायला लागलं, पोरगी लग्न होऊन गेली. ती कोंडात उतरायची, ठोके ऐकायची, हात वर करायची. पाहुण्यांना वाटायचं, बाई कासव दाखवतायत.

आज तिने मनाशी पैज लावली होती. ठोका आला तर राहायचं. नाही आला तर त्याने सोडलं असं समजून लेकीकडे निघायचं.

बोटीने नांगर टाकला. ती शिडीवरून उतरली, पाठोपाठ पाहुणे. पाण्याखाली सगळं लख्ख होतं. पोपटमासे खडक कुरतडत होते, त्याची करकर ऐकू येत होती. वाळूवर एक पाकट पंख हलवत सरकली. सुळक्याला वळसा घालून ती मागे गेली, आणि कपारीत कासव होतंच. जुनं, पाठीवर शेवाळ वाढलेलं, डोळे मिटून पडलेलं. पोरांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. कासवबाई पाण्यावर पालथी तरंगत राहिली आणि कान देऊन थांबली.

करकर. बुडबुड्यांचं बारीक तडतडणं. कुणाच्या तरी नळीतून श्वासाची घुर्रघुर्र.

कासव उठलं, श्वास घ्यायला वर आलं, तिच्या अगदी गालाजवळून गेलं आणि पुन्हा खाली जाऊन बसलं. इतका वेळ कधीच लागला नव्हता. तिने ठोक्याविनाच हात वर केला. पाण्याबाहेर हात तसाच धरून ठेवला, दुखेपर्यंत. काही नाही. भिंतीखालचा तो बोगदा काळाच्या काळा. तिला पहिल्यांदाच वाटलं की आत कुणी नाही, नुसतं पाणी आहे.

मग बोटीकडून आरडाओरडा ऐकू आला. तिने डोकं वर काढलं, पोरांना पुढे घातलं आणि सुळक्याला वळसा घालून आली. बघते तर मिशीवाले काका आणि भोंगा, दोघंही पाण्यात. काका मागेच राहिले होते. मास्कमध्ये पाणी शिरलं, ते नाकातोंडात गेलं, त्यांनी मास्क ओरबाडून फेकून दिला आणि हातपाय झाडायला लागले. भोंग्याने शर्ट-पँट-चपलांसकट उडी मारली होती. एका हाताने काकांच्या लाइफ जॅकेटची कॉलर धरून तो त्यांना शिडीकडे ओढत होता आणि एवढ्या मोठ्याने धीर देत होता की काका जास्तच घाबरले होते.

"काका, मी आहे! मी आहे! मला बुक्क्या मारू नका!"

वर आल्यावर काकूंनी काकांची पाठ चोळली, टॉवेल दिला आणि पर्समधून व्हॅसलिनची डबी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. दोन्ही मैत्रिणी तोंड फिरवून हसत होत्या. भोंगा सुकाणूला टेकून धापा टाकत होता. चपलांमधून पाणी गळत होतं.

कासवबाईने हे सगळं लांबून बघावं तसं बघितलं. झालं, तिच्या मनात आलं. सुटले. सुटल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. तिला मात्र घरातला पंखा एकाएकी बंद पडल्यावर वाटतं तसं वाटत होतं, आवाज गेल्यावरच कळतं की तो चालू होता.

जेवायला बोट बेटाच्या दुसऱ्या अंगाला, काळ्या वाळूच्या किनाऱ्याशी लागली. पाव, उकडलेली अंडी, केळी. पाहुणे वाळूवर पांगले. तिने फोन काढून बघितला, पण बेटांमध्ये रेंज नसते. लेकीला "येते" म्हणायचं होतं. आत्ताच म्हणून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

भोंगा बोटीच्या कडेला शर्ट पिळत बसला होता. त्याचा आवाज गेल्यासारखा झाला होता.

"गार लागतंय का भावजी?"

"नाही गं." त्याने शर्ट झटकला. "आज दादाला सांगायचं राहून गेलं."

"काय सांगायचं?"

"जाऊ दे. हसशील."

"हसले तर दिसेलच ना तुम्हाला. बोला."

तो वाळूकडे बघत बोलायला लागला, आणि जन्मात पहिल्यांदा इतका हळू बोलला की तिला वाकून ऐकावं लागलं. "तू लोकांना घेऊन सुळक्याच्या मागे गेलीस ना, की मी शिडीवर ठोकतो. त्याच्याच पान्याने. म्हणजे दादा, आम्ही आलोय. वहिनी पाण्यात आहे, लक्ष ठेव. एवढंच. येडेपणा आहे, ठाऊक आहे मला. पण केल्याशिवाय मला तिथं उभं राहवत नाही. आज पाना हातात घेतला, आणि तेवढ्यात मिशी बुडताना दिसली."

कासवबाईच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. कानशिलं तापली. म्हणजे हे होते. डिझेलच्या वासाचे हात, आणि तो पाना. त्याच्यासाठी तिने गुडघे झिजवले, लेकीला तोडून तोडून उत्तरं दिली. एवढी वर्षं हात वर केला तो कुणाला? तिच्या जिभेवर असं काही आलं होतं की ते बोलली असती तर दीर-भावजयीचं नातं तिथेच वाळूत पुरावं लागलं असतं.

"रोज ठोकता?" तिने कसंबसं विचारलं.

"रोज. दोन."

"दोन?"

"दोनच."

"आणि तिसरा?"

भोंग्याने तिच्याकडे बघितलं. "तिसरा मी कसा देणार वहिनी? तिसरा त्याचा. हात दिसला की द्यायचा. मला तू दिसतेस कुठं, सुळक्याच्या मागे? मी दोन देतो आणि पाना ठेवून देतो."

ऊन टळटळीत होतं. काळी वाळू पायाला चटके देत होती. तरी तिच्या पाठीवरून कुणीतरी ओलं फडकं फिरवल्यासारखं झालं.

भिंतीवर आपटून परत आलेला आवाज असेल, असं तिने स्वतःला सांगून बघितलं. पण दोन ठोके आपटून परत आले तर दोनच येतील, एक कसा येईल? आणि तिच्या हाताची वाट बघून कसा येईल? एकदा लहर आली म्हणून तिने हात मुद्दाम उशिरा काढला होता. तिसरा तेव्हा उशिरा आला होता.

मग तिच्या ध्यानात आलं की हा बोटीवर उभा असतो. याचे कान हवेत. हा भावाला म्हणतो, वहिनीवर लक्ष ठेव. खालून उत्तर येतं, दिसली. आणि ते उत्तर याला आजवर एकदाही पोहोचलेलं नाही. विचारणारा वर, सांगणारा खाली, आणि मधे ती पालथी पडून ऐकतेय. उद्या ती लेकीकडे गेली तर हा ठोकत राहील, खालचं उत्तर येत राहील, आणि ते ऐकणारं पाण्यात कुणी नसेल.

"भावजी," ती म्हणाली, "काकांचा मास्क कोंडात पडलाय."

"पडू दे. नवा घेऊ."

"चांगला होता. जाताना थांबवा बोट. वाळूवरच पडला असेल, एका बुडीचं काम."

"मग काढ की तू."

"माझा कान दुखतोय. तुम्ही उतरा."

"मी?"

"सकाळी उतरलात ना? आता तसेही भिजलेलेच आहात."

परतताना बोट कोंडात थांबली. काका-काकू आपापल्या जागी पेंगत होते, पोरं शिंपले मांडून बसली होती. भोंगा कुरकुरत होता, पण पाहुण्यांसमोर माघार घेणं त्याला जमलं नाही. त्याने एका मैत्रिणीचा मास्क घेतला, डोक्याला आवळून बसवला, शिडी उतरला. शेवटच्या पायरीवर हात सुटेना. कासवबाई वरून बघत होती. हात सुटला.

पाणी इतकं नितळ होतं की तो खाली जाताना दिसत राहिला, मग दोन पुरुष खोलीवर, सुळक्याच्या सावलीत, नुसतं एक मळकट सावट उरलं. सुकाणूखालच्या फळीवर पाना होता. दांड्याला जुनी दोरी गुंडाळलेली. ती दोरी तिच्याच हातची होती. ती शिडीपाशी गुडघे टेकून बसली, हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला आणि बुडालेल्या पायरीवर ठोके दिले.

ठक, ठक.

मग पाना पाण्याबाहेर काढून तिने मांडीवर ठेवला आणि त्यावर दोन्ही हात दाबून बसली. वर काहीच ऐकू आलं नाही. पोरांची भांडणं, काकांचं घोरणं, बोटीच्या पोटाशी पाण्याची चुळचुळ.

भोंगा उसळी मारून वर आला. हातात मास्क होता. शिडीला धरून त्याने श्वास घेतला, नाक शिंकरलं, आणि वर बघून त्याचा चेहरा उजळला.

"अगदी दादासारखा दिलास गं! तसाच थांबून!" तो म्हणाला. "मास्क सापडला म्हणून मी हात वर केला, आणि मग तू तिसरा दिलास. एवढ्या खोल मी दिसलो तुला?"

कासवबाईने मांडीवरच्या पान्याकडे बघितलं.

"मी दोनच दिले भावजी."

तो शिडीवरच थांबला. अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. मिशा असत्या तर त्यातूनही थेंब गळाले असते, तसा तो नुसता गळत राहिला. मान वळवून त्याने सुळक्याकडे बघितलं, मग भिंतीच्या पायथ्याकडे. बोगदा तिथून दिसत नव्हता.

"रोज?" त्याने विचारलं.

"रोज."

तो वर आला. काकांना मास्क दिला, काका झोपेत "थँक्यू" म्हणाले. सुकाणूपाशी जाऊन त्याने इंजिन सुरू करायला चावी फिरवली आणि नांगर काढलेलाच नाही हे त्याच्या ध्यानात आलं. मग नांगर ओढला. एरवी दोर ओढताना तो अख्ख्या समुद्राला शिव्या द्यायचा. आज ओढून झाल्यावर दोर नीट गुंडाळून, तो कोंडाकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने हात वर केला. पाहुण्यांपैकी कुणाला तरी वाटलं, कासव दिसलं. सगळे त्या बाजूला धावले, बोट कलली.

धक्का जवळ आला तसा तिचा फोन वाजायला लागला.

"काय ठरलं गं आई?"

"येते."

"कायमची?"

"कायमची. पलंग खिडकीपाशी नको, भिंतीला लाव. समोरची इमारत बघून काय करू?"

"लावते. लावते! आई, मग बोटीवर पाण्यात कोण उतरणार?"

"तुझे काका."

"काका? काका पाण्यात कधीपासून उतरायला लागले?"

"आजपासून."

पोरगी हसली, पण आईचा आवाज काहीतरी वेगळाच लागला असावा. "आई, काय झालंय?"

"काही नाही. हात ओले आहेत. ठेवते."

शेडचं शटर भोंग्याने पूर्ण वर केलं होतं. जाळी विणणारा म्हातारा आयताच जागा होता, त्याने विचारलं, "काय रे, आज गप्प का? घसा बसला?" भोंगा मानेनेच हो म्हणाला आणि रिकामा डिझेलचा कॅन उचलून निघून गेला. कासवबाईने गोड्या पाण्याचा नळ सोडला, ड्रम भरू दिला, आणि एकेक मास्क त्यात बुडवून खारं पाणी काढायला लागली. मिशीवाल्या काकांच्या मास्कमध्ये बारीक काळी वाळू होती. ती बोटाने काढली. नळ्या आतून धुतल्या. पट्टे सरळ करून सगळे मास्क ज्याच्या त्याच्या खिळ्याला लागले.

मग शेवटच्या खिळ्यावरचा काळा मास्क तिने काढला. काचेला शांपू चोळला, हिसळला. उजेडाकडे धरून काच बघितली. पट्ट्याच्या बकलमध्ये मळ साचून तो घट्ट झाला होता. दात लावून तिने तो सोडवला आणि पट्टा एका खाचेने सैल केला. दिराचं डोकं मोठं होतं.

मास्क तिने टोपलीत ठेवला आणि झाडू घेऊन शेडमधलं पाणी बाहेर लोटायला लागली.